पिएमोंतेच्या वाइन्स: बारोलोआधी काय प्यावं?

बारोलो या पिएमोंतेतल्या नामांकित लाल वाइनचं नाव ऐकून आलेला माणूस तिथल्या आल्बा गावाला पोचला की पहिल्याच संध्याकाळी बारोलो मागवतो. बहुतेक वेळा ती चार-पाच वर्षांची, म्हणजे अजून कोवळी असते. सोबत धड खायला नसतं. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळून येतात. एवढं मोठं नाव आणि एवढी किंमत, त्यामुळे तो बोलत नाही, पण मनातून खट्टू होतो. दोष वाइनचा नसतो, क्रम चुकलेला असतो. इटलीच्या वायव्येकडच्या या प्रांतातले लोक रोजच्या जेवणात जे पितात तिथून सुरुवात करा आणि टप्प्याटप्प्याने वर जा. मग बारोलो समोर येईल तेव्हा तिच्यात काय शोधायचं हे तुमच्या जिभेला माहीत असेल.

तोरिनो ही फियाटची नगरी, त्यामुळे पुण्या-रांजणगावहून कामानिमित्त तिथे जाणारे मराठी इंजिनिअर आहेतच. शिवाय शिकायला जाणारी मुलं आणि मिलानपर्यंत फिरायला गेलेली कुटुंबं. त्यातल्या कुणाला दोन-तीन दिवस मोकळे मिळाले, तर ते इथे सत्कारणी लागतील. जाणं जमणार नसेल, तरी हाच क्रम परदेशातल्या कुठल्याही बऱ्या वाइनच्या दुकानात चालतो.

आधी टेकडी वाचायला शिका

पिएमोंतेच्या उत्तरेला आणि पश्चिमेला आल्प्स, दक्षिणेला अपेनाइन्स आणि मधून वाहणारी पो. वाइनसाठी लक्षात ठेवायची नदी मात्र तानारो. आल्बा हे गाव तिच्या काठावर आहे. नदीच्या उजव्या बाजूला लांगेच्या टेकड्या, डाव्या बाजूला रोएरोच्या आणि पूर्वेकडे आस्ती व मोन्फेर्रातो. लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातोच्या या द्राक्षबागांना २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. खूप उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, गात्तिनारा आणि गेम्मे ही आणखी दोन नावाजलेली गावं आहेत. पहिल्या भेटीत तिथे जायची घाई नको.

नाशिक किंवा सांगलीच्या द्राक्षबागा पाहिलेल्या माणसाला इथे पहिला फरक जाणवतो तो झोपेचा. आपल्याकडे वेल कधी पुरती झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरडछाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि पुढे जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. लांगेत हिवाळ्यात बर्फ पडतं आणि वेल काळी, निष्पर्ण होऊन पडून राहते. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत. वसंतात फुटवा येतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला मोस्कातोचे घड उतरतात आणि सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरात, नेब्बिओलो, म्हणजे बारोलोचं द्राक्ष. मांडव दिसणार नाही. तारांवर बांधलेल्या रांगा उताराला आडव्या, टेकडीच्या वळणाप्रमाणे वळत जातात.

आता एखाद्या टेकडीकडे पाच मिनिटं नीट बघा, कारण पुढचं सगळं याच उतारावर ठरतं. दक्षिणेकडे तोंड असलेला, मध्यावरचा भाग नेब्बिओलोचा. ते द्राक्ष लवकर फुटतं आणि उशिरा पिकतं, त्यामुळे सगळ्यात जास्त ऊन त्यालाच लागतं. जिथलं बर्फ आधी वितळतं ती जागा नेब्बिओलोला द्यायची, हा जुन्या शेतकऱ्यांचा ठोकताळा. बारोलोच्या नियमांतही उत्तरेकडे तोंड असलेला उतार चालत नाही आणि बागेची उंची १७० ते ५४० मीटरच्या दरम्यान लागते. त्याहून कमी प्रतीच्या जागी बार्बेरा, आणखी थंड जागी दोल्चेत्तो. ज्या उतारांवर द्राक्ष पिकायची शाश्वती नाही तिथे हेझलनटची झाडं. आल्बाच्या फेरेरो कंपनीचं चॉकलेट या हेझलनटच्या मुलखातच जन्मलं.

पहिला टप्पा: दोल्चेत्तो आणि बार्बेरा, जेवणाच्या टेबलावर

गावातल्या साध्या खानावळीत बसा, एक ग्लास दोल्चेत्तो मागवा. ‘उन कालिचे दी दोल्चेत्तो’ एवढं पुरतं. नावात ‘दोल्चे’ म्हणजे गोड असलं तरी वाइन गोड नसते. रंग गडद जांभळा, आंबटपणा कमी, शेवटी बदामाच्या सालीसारखी किंचित कडू चव. ही साठवायची वाइन नव्हे. दोन-तीन वर्षांत प्यायची आणि फार विचार न करता प्यायची. दोल्यानी हे गाव दोल्चेत्तोला सर्वांत गंभीरपणे घेतं. तिथली बाटली मिळाली तर या द्राक्षाचा कस किती आहे ते कळतं.

बार्बेराचा स्वभाव उलटा. रंग तितकाच गडद, तुरटपणा जवळजवळ नाही, आंबटपणा मात्र भरपूर. या आंबटपणामुळेच ती लोणी, चीज, अंड्याची शेवई अशा जड जेवणाला छान पेलते. मी नवख्याला एकच बाटली सुचवायची झाली तर बार्बेरा द’आस्ती सुचवेन. किंमत आवाक्यातली आणि निराशा क्वचितच.

या द्राक्षाने वाईट दिवसही पाहिले आहेत. १९८६ मध्ये इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचं उघड झालं आणि वीसहून जास्त माणसं दगावली. बार्बेराच्या नावाला त्याचा मोठा फटका बसला. नाव सावरलं ते जाकोमो बोलोन्यासारख्या माणसांनी. रोक्केत्ता तानारो गावातल्या बोलोन्याने बार्बेराला चांगली जागा दिली, पीक कमी घेतलं, नव्या लाकडात मुरवलं आणि १९८२ च्या काढणीपासून ‘ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने’ ही वाइन काढली. शेतमजुराची समजली जाणारी वाइन मोठ्या हॉटेलांत पोचू शकते, हे तिने दाखवून दिलं. पुढे २०१४ मध्ये नित्सा गावाभोवतीच्या बार्बेराला वेगळा, सर्वोच्च दर्जाचा शिक्का मिळाला. लेबलवर ‘नित्सा’ दिसलं तर ती रोजची बार्बेरा नाही, थोडी थांबून प्यायची आहे असं समजा.

शाकाहारी असाल तर मेनू नीट वाचा. ‘वितेल्लो तोन्नातो’ आणि ‘कार्ने क्रूदा’ म्हणजे वासराचं मांस. ‘आन्योलोत्ती देल प्लिन’ ही इवलीशी भरलेली पास्त्याची पुरचुंडी दिसते निरागस, पण आत बहुधा मांसच असतं. ‘बान्या काउदा’ हा भाज्या बुडवून खायचा गरम लसणीचा पदार्थ आहे, त्यात अँचोव्ही मासे असतात. अंडं चालत असेल तर निर्धास्त मागवण्यासारखी म्हणजे ‘तायारिन’, पुष्कळ पिवळे बलक घालून मळलेली बारीक शेवई. ती लोणी आणि सेजच्या पानांबरोबर मागवा, मांसाच्या रश्श्याबरोबर नको. चीजमध्ये कास्तेल्मान्यो आणि रोबिओला जरूर चाखा.

दुसरा टप्पा: पांढऱ्या वाइन्स आणि मोस्कातो

पांढऱ्यांवर फार वेळ घालवू नका, पण तीन नावं माहीत हवीत. रोएरोचं आर्नेइस, नाशपातीच्या वासाचं, मऊ. हे द्राक्ष जवळपास नाहीसं झालं होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी विएत्ती घराण्याच्या आल्फ्रेदो कुर्रादोने ते पुन्हा उभं केलं. दुसरी गावी, कोर्तेझे द्राक्षाची, हलकी आणि लिंबासारखी स्वच्छ. तिसरं तिमोरास्सो, तोर्तोनाच्या टेकड्यांवरचं. तेही वॉल्तेर मास्साने वाचवलं. तिघांत मला तिमोरास्सो सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ही पांढरी वाइन आठ-दहा वर्षं सहज सुधारत जाते.

मोस्कातो द’आस्ती मात्र टाळू नका. वाइन कधीच न घेतलेल्या माणसाला हातात द्यावी अशी ही वाइन. अल्कोहोल जेमतेम पाच टक्के, हलके बुडबुडे, पिकलेल्या द्राक्षाचा आणि संत्र्याच्या फुलांचा वास. रस बंद टाकीत आंबू लागतो आणि साखर अजून बरीच शिल्लक असतानाच तो थंड करून आंबणं थांबवतात, म्हणून गोडी द्राक्षाचीच राहते. आस्ती स्पुमान्ते तिची बहीण, जास्त फसफसणारी. आपल्या तिखट जेवणाबरोबर या प्रांतातली कुठली वाइन जाते असं कुणी विचारलं तर माझं उत्तर मोस्कातो. तिखटावर तुरट लाल वाइन घेतली तर तोंडाची आग वाढते. गोड आणि कमी अल्कोहोलची वाइन ती शमवते. फक्त ती ताजी हवी, गेल्या काढणीची.

तिसरा टप्पा: नेब्बिओलोशी ओळख

आता मुख्य द्राक्ष. बारोलो आणि बार्बारेस्को ही गावांची नावं, द्राक्ष दोन्हीकडे एकच, नेब्बिओलो, आणि दुसऱ्या कशाचीही भेसळ नाही. पण सुरुवात ‘लांगे नेब्बिओलो’ किंवा ‘नेब्बिओलो द’आल्बा’ या लेबलांनी करा. बरेच नामांकित बारोलोवाले आपल्या तरुण वेलींची द्राक्षं लांगे नेब्बिओलोत घालतात. हात तोच, जमीन बऱ्याचदा तीच, किंमत निम्म्याहून कमी.

एक ग्लास घ्या आणि घाई करू नका. बोटभर वाइन ओता, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. वाइनमधून कागदावरची अक्षरं वाचता येतील इतकी ती पारदर्शक असते, आणि कडेला विटकरी झाक. नवख्याला वाटतं, फिकी आहे म्हणजे पातळ असणार. इथेच फसगत होते. या द्राक्षाच्या सालीतला रंग टिकाऊ नाही, लवकर उडतो, पण तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही भरघोस असतात. आता वास घ्या: सुकलेल्या गुलाबपाकळ्या, चेरी, ज्येष्ठमध आणि वय झालेल्या वाइनमध्ये डांबर. मग एक घोट तोंडात घोळवा आणि वरच्या ओठाच्या आतल्या बाजूकडे, हिरड्यांकडे लक्ष द्या. हिरडा चघळल्यावर तोंड कोरडं पडतं तसं होईल. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. आता चीजचा एक तुकडा किंवा लोण्यातली तायारिन खा आणि लगेच दुसरा घोट घ्या. तुरटपणा मवाळ झालेला असेल, फळाची चव पुढे आलेली असेल. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून तोंड कोरडं पडतं. जेवणातली प्रथिनं आणि चरबी मिळाली की ते तिकडे वळतं. नेब्बिओलो नुसती प्यायची वाइन नाही, हे या एका प्रयोगाने पक्कं कळतं.

अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे घेतली असेल तर इटालियन लाल वाइनच्या आंबट-तुरट बांध्याची कल्पना तुम्हाला आहे. ते द्राक्ष तोस्कानाचं. नेब्बिओलो त्याहून फिकं दिसतं आणि त्याहून जास्त तुरट लागतं.

चौथा टप्पा: बार्बारेस्को

बार्बारेस्को, नेईवे, त्रेईझो ही तीन गावं आणि आल्बाचा एक तुकडा, एवढाच हा इलाका. काढणीनंतर निदान २६ महिने मुरवण, त्यात ९ महिने लाकडात. बारोलोच्या मानाने ती थोडी आधी पिण्याजोगी होते, म्हणून क्रमात आधी.

इथे सहकाराची एक गोष्ट आहे आणि साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला ती भिडावी. आल्बाच्या द्राक्षविद्या शाळेचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी १८९४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणून बार्बारेस्को या नावाने वाइन काढायला सुरुवात केली. तोवर इथलं नेब्बिओलो बारोलोवाल्यांना विकलं जायचं. फॅसिस्ट काळात ती संस्था बंद पडली. १९५८ मध्ये गावच्या पाद्र्याने १९ शेतकऱ्यांना घेऊन ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही सहकारी संस्था उभी केली. आज तिचे पन्नासेक सभासद आहेत. चांगल्या वर्षी ती नऊ वेगवेगळ्या शेतांच्या नऊ रिझेर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेल्या वाइन्स, वेगळ्या बाटल्यांत काढते. वर्ष कमकुवत असेल तर सगळी द्राक्षं एका साध्या बार्बारेस्कोत जातात. पहिली बार्बारेस्को घ्यायची तर माझ्या मते यांचीच. खात्रीची आणि किंमत रास्त. जमीन बदलली की चव कशी बदलते हे शिकायचं असेल तर यांच्याच दोन शेतांच्या, म्हणजे आझिली आणि राबायाच्या, बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखा. हात एक, पद्धत एक, वर्ष एक. फरक असेल तो मातीचा.

पाचवा टप्पा: बारोलो

आता या. अकरा गावांत पसरलेला इलाका, पण डोक्यात पाच नावं पुरेत: बारोलो, ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा आणि मोनफोर्ते. ढोबळमानाने पश्चिमेकडच्या ला मोर्रा-बारोलोची निळसर करडी, चुनखडीयुक्त माती सुगंधी आणि लवकर खुलणारी वाइन देते. पूर्वेकडच्या सेर्रालुंगा-मोनफोर्तेची जमीन भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने जास्त जुनी. तिथली वाइन कडक, तुरट, दहा-पंधरा वर्षं थांबायला लावणारी. कास्तिल्योने दोन्हींच्या मध्ये. पहिली बारोलो ला मोर्राची घ्या, सेर्रालुंगाची नको. बाकी कुठलाही सल्ला विसरलात तरी चालेल, हा लक्षात ठेवा.

नियमाप्रमाणे बारोलो ३८ महिने मुरते, त्यातले १८ लाकडात; रिझेर्व्हा ६२ महिने. म्हणजे २०२१ ची काढणी बाजारात आली ती जानेवारी २०२५ मध्ये. पण बाजारात आली म्हणजे पिण्याजोगी झाली असं नाही. चांगल्या वर्षाची बारोलो काढणीपासून दहाएक वर्षांनी रंगात येते. २०१० आणि २०१६ ही नावाजलेली, दीर्घायुषी वर्षं. तुम्हाला आज संध्याकाळीच प्यायची असेल तर २०१४ सारखं थंड, पावसाळी किंवा २०१७ सारखं उष्ण वर्ष सोयीचं. अशा वाइन्स लवकर तयार होतात. कोवळी बाटली उघडलीच तर रुंद तोंडाच्या काचपात्रात ओतून दोन-तीन तास ठेवा. जुनी, वीसेक वर्षांची बाटली मात्र आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि अलगद ओता.

बारोलो कशी मुरवावी यावरून इथे घराघरांत भांडणं झाली. जुनी पद्धत अशी की सालींसकट रस महिनाभर किंवा जास्त ठेवायचा आणि मग स्लाव्होनियन ओकच्या हजारो लिटरच्या पिंपांत वर्षानुवर्षं. १९८० च्या दशकात तरुण मंडळींनी सालींचा वेळ काही दिवसांवर आणला आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं आणली. वाइन लवकर मऊ होई, व्हॅनिलाचा वास येई. १९८३ मध्ये एलिओ आल्तारे याने वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. दुसऱ्या टोकाला बार्तोलो मास्कारेल्लो; त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेल्या लेबलवर ‘ना बारीक, ना बेर्लुस्कोनी’ असं लिहिलं होतं; ‘बारीक’ म्हणजे ते छोटं फ्रेंच पिंप आणि बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचा तेव्हाचा बडा राजकारणी. आज भांडण निवळलं आहे, बहुतेकांनी मधला मार्ग धरला आहे आणि मोठी पिंपं परत आली आहेत. मला मोठ्या पिंपाची बारोलो जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात लाकूड बोलत नाही. तळघरात गेलात की पिंपांचा आकार पाहा, ग्लासात काय येणार याचा निम्मा अंदाज तिथेच येतो.

लेबल कसं वाचायचं

गळ्यावर सरकारी क्रमांकाची पट्टी असते. ‘डीओसीजी’ हा सर्वोच्च दर्जा. बारोलो आणि बार्बारेस्कोला तो १९८० मध्ये मिळाला. नावाखाली आणखी एखादं नाव असेल, उदाहरणार्थ कान्नुबी, ब्रुनाते, बुस्सिया, तर ते नकाशावर नोंदलेल्या शेताचं आहे. कान्नुबी बारोलो गावची टेकडी आणि तिचं नाव लिहिलेली १७५२ ची बाटली आजही जपलेली आहे. ‘ब्रिक्को’ म्हणजे टेकडीचा माथा, ‘सोरी’ म्हणजे उन्हाचा उतार, ‘काशिना’ म्हणजे शेतघर. ‘बारोलो किनातो’ दिसलं तर ती जेवणात प्यायची वाइन नाही. सिंकोनाची साल आणि मसाले मुरवलेलं ते जेवणानंतरचं पेय आहे, काळ्या चॉकलेटबरोबर उत्तम.

प्रत्यक्ष जाताना

तोरिनोहून ब्रामार्गे आल्बाला रेल्वेने तासाभरात-दीड तासात पोचता येतं. आल्बात मुक्काम करा. पुढच्या गावांना बस आहेत, पण थोड्या, आणि रविवारी त्यांच्यावर विसंबू नका. गाडी चालवणार असाल तर इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, म्हणून चालकाने थुंकायचं. प्रत्येक तळघरात त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि थुंकण्यात कुणाचाही अपमान नाही. पायी फिरायची तयारी असेल तर बारोलो ते ला मोर्रा बागांमधून जाणारी वाट धरा. चढ आहे, पण टेकडी वाचायचा तोच खरा धडा.

तळघरं बहुतेक घरगुती आहेत. आधी ईमेल करून वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि ठरलेली वेळ पाळा; तुम्हाला वाइन ओतणारी व्यक्ती बहुधा ट्रॅक्टरवरून उतरून आलेली असते. अत्तर लावू नका. एका दिवसात दोन तळघरं पुरेत. काढणीच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यांना वेळ नसतो. पुढे पांढऱ्या ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या बुरशीच्या, जत्रेमुळे गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. मे-जून सर्वांत बरे. तळघराची वेळ मिळाली नाही तर बारोलोच्या किल्ल्यातलं आणि बार्बारेस्कोच्या जुन्या सान दोनातो चर्चमधलं सरकारमान्य वाइनघर आहेच. तिथे ग्लासागणिक पैसे देऊन अनेकांच्या वाइन्स चाखता येतात.

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे पूर्ण आकाराच्या दोन बाटल्या आणि वर ३७५ मिलिलिटरची एक अर्धी. माझी निवड अशी: एक ला मोर्राची बारोलो, एक नित्सा, आणि अर्धी बाटली मिळाली तर मोस्कातो. बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध गुंडाळून. घरी आल्यावर मोस्कातो लगेच संपवा. बारोलोला प्रवासानंतर दोन-तीन आठवडे पडू द्या, आणि वाइनचं वेगळं कपाट नसेल तर ती उन्हाळा सुरू व्हायच्या आत उघडा. एप्रिल-मेच्या उकाड्यात कपाटात ठेवलेली बारोलो मुरत नाही, शिजते. थांबायचंच असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि प्यायच्या तासभर आधी बाहेर काढा.